मोटरसायकल, गिटार आणि आगादेझ

नायजर देशातल्या आगादेझ शहराच्या मातीच्या भिंतींमधून एक तरुण जांभळी मोटरसायकल चालवत जातो. अंगात पायघोळ झगा, डोक्याला गुंडाळलेलं लांबलचक कापड, सोबत गिटार. पडद्यावर तेवढंच घडतं, पण मला ते दृश्य फार मोलाचं वाटतं, कारण ह्या माणसाच्या समाजाला जगाने आजवर उंटावरून खाली उतरूच दिलेलं नव्हतं. सहारा म्हटलं की निळ्या पागोट्याचा, डोळेच तेवढे दिसणारा, दूरवर बघत बसलेला तुआरेग, म्हणजे तिथल्या भटक्या समाजाचा माणूस. जाहिरातीत तोच, पर्यटनाच्या पुस्तिकेत तोच. बातमीत आला तर हातात बंदूक. त्यालाही आईबाप असतात, घरात त्याला बोलणी बसतात, एखादी मुलगी त्याला मनापासून आवडते, बरोबरीचा कुणी पुढे गेला की त्याच्या पोटात दुखतं, ह्यातलं काही आपल्यापर्यंत येतच नसे.

'अकुनाक तेदालात ताहा ताझुघाई' ह्या चित्रपटात हे सगळं आहे. २०१५ साली आलेला हा संगीतपट तुआरेगांच्या भाषेतला, म्हणजे तमाशेकमधला, पहिला कथापट म्हणून ओळखला जातो. दिग्दर्शक ख्रिस्तोफर कर्कली हा अमेरिकन. नायक मदू मोक्तार हा प्रत्यक्षातही गिटारवादक, आणि पडद्यावर तो स्वतःच्याच नावाने वावरतो. प्रिन्स ह्या अमेरिकन गायकाच्या १९८४च्या 'पर्पल रेन' ह्या सिनेमाला केलेला हा मुजरा. तमाशेकमध्ये जांभळ्याला वेगळा शब्द नाही, म्हणून नाव झालं 'थोडा लाल मिसळलेला निळा पाऊस'. सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा. त्यासाठीचे पैसे इंटरनेटवरून लोकवर्गणीने उभे केलेले. पडद्यावरची माणसं आगादेझमधलीच, अभिनयाचं शिक्षण घेतलेलं त्यात कुणी नाही. प्रसंग ठरवायचा आणि बोलणं ज्याचं त्याने आपल्या तोंडाने करायचं, असं बहुतेक चित्रीकरण झालं.

मी तो गाण्यांसाठी बघायला घेतला. परत परत बघतो तो मात्र त्यातल्या माणसांसाठी.

मदू ह्या शहरात गिटार घेऊन येतो आणि त्याला नाव काढायचं आहे, एवढीच गोष्ट. शहरात आधीच जम बसवलेले वादक आहेत आणि त्यांना हा नवा पोरगा नको आहे. कादेर नावाचा एक प्रतिस्पर्धी तर त्याचं गाणंच उचलतो. घरी बाप धार्मिक वळणाचा, त्याच्या लेखी गिटार म्हणजे पोरगं वाया जाण्याची सुरुवात. रैशा नावाची मुलगी आवडते, पण तिथेही सगळं सुरळीत नाही. आणि पुढे गिटारवादकांची स्पर्धा. गोष्ट तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कळते. शेवट काय होणार ह्याचाही अंदाज येतो. त्याने माझं काही बिघडलं नाही. हिंदी-मराठी सिनेमावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट जीव लावून बघायची सवय असतेच. नायक जिंकणार हे माहीत असूनही आपण त्याच्यासाठी धडधडत्या छातीने बसतो, आणि तसं बसण्यात एक हक्काचं सुख आहे. हे सुख आपल्या भाषेत मिळणं किती मोठी गोष्ट असते, ते आपल्याला जाणवत नाही, कारण आपल्याला ते फार पूर्वी मिळालं. 'अयोध्येचा राजा' १९३२ सालचा. मराठी माणसाने पडद्यावर आपली भाषा ऐकली, आपल्या भाषेतली गाणी ऐकली, त्याला नव्वद वर्षं उलटून गेली. तमाशेक बोलणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत नायक, नायिका, खलनायक आणि गाणी अशी सगळी सामग्री असलेली गोष्ट बघायला २०१५ साल उजाडावं लागलं.

ह्या उशिरामागे मोठा इतिहास आहे. १९६०च्या आसपास सहाऱ्यात नवे देश उभे राहिले आणि तुआरेगांचा मुलूख नायजर, माली, अल्जीरिया, लिबिया आणि बुर्किना फासो अशा पाच देशांत विभागला गेला. राजधान्या शेकडो मैल दूर, राज्य दुसऱ्यांचं. त्यात सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला एक दुष्काळ आणि १९८४-८५मध्ये आणखी एक. शेळ्या, गुरं, उंट मेले की भटक्या कुटुंबाकडे उरतं काय? तरुण पोरं पोटासाठी अल्जीरिया आणि लिबियाकडे चालू लागली. ही बेकार, वणवण करणारी पिढी 'इशुमार' म्हणून ओळखली जाते, आणि गिटार तुआरेगांच्या आयुष्यात आली ती तिच्याच हातून. 'तिनारिवेन' ह्या आज जगभर गाजलेल्या वाद्यवृंदाचा संस्थापक इब्राहिम अग अल्हबीब हा त्यातलाच. १९६३च्या मालीतल्या उठावात त्याच्या वडिलांना ठार मारलं गेलं तेव्हा तो अगदी लहान होता. पुढे परागंदा अवस्थेत त्याने पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून आपली पहिली गिटार केली. ऐंशीच्या दशकात हे तरुण लिबियातल्या लष्करी छावण्यांत होते, तिथेच गाणी रचत होते, आणि ती कॅसेटवरून वाळवंटभर फिरत होती. घराची ओढ, तहान, विखुरलेले भाऊबंद, उठा म्हणणारी हाक. २०१२ साली तिनारिवेनला ग्रॅमी मिळालं.

त्यामुळे झालं असं, की तुआरेग गिटार म्हटलं की पाठोपाठ बंड हा शब्द आलाच. ते खोटं नाही. आगादेझचा बोंबिनो घ्या. २००७ ते २००९च्या नायजरमधल्या उठावात त्याच्या साथीदारांपैकी दोन वादक मारले गेले आणि त्याला देश सोडून जावं लागलं. ही आठवण ताजी आहे. पण ह्याच शहरात आज गिटारवाल्याची रोजीरोटी बहुतांशी लग्नांवर चालते. जनरेटर, ॲम्प्लिफायर, कर्णे, वाळूवर अंथरलेल्या सतरंज्या, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, आणि मध्यरात्रीपर्यंत चालणारं वाजवणं. कोणाला कोणत्या लग्नाची सुपारी मिळाली, कोणाच्या गाण्यावर बायकांनी जास्त टाळ्या धरल्या, कोणाकडे चांगला ड्रमवाला आहे, ह्यावर पत ठरते. मत्सरही इथेच जन्मतो. सिनेमाने बंडाची पार्श्वभूमी मागे ठेवली आणि लग्नातली चढाओढ पुढे आणली, हा मला त्याचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो. ज्यांच्यावर इतिहासाचं ओझं आहे त्यांनी दरवेळी ते ओझं दाखवलंच पाहिजे अशी सक्ती का असावी? एखाद्या तुआरेग तरुणाचा दिवस फक्त 'कादेर माझ्यापेक्षा चांगलं वाजवतो का' ह्या काळजीत जाऊ शकतो. बहुतेक तरुणांचे दिवस तसेच जातात.

ह्या चढाओढीच्या तळाशी वाद्य कसलं आहे, ते जवळून बघण्यासारखं आहे. गिटार येण्याआधी, आणि आजही गावोगाव, लग्नात वाजतं ते 'तेंदे'. ते बायकांचं वाद्य. घरातलं बाजरी कांडायचं लाकडी उखळ घ्यायचं. त्याच्या तोंडावर बकऱ्याचं ओलं कातडं ताणायचं. दोन्ही बाजूंना दोन मुसळं आडवी बांधायची आणि त्या मुसळांच्या टोकांवर बायकांनी बसायचं. बसणारीने भार दिला की कातडं ताणतं, सैल केला की आवाज खाली येतो. मधूनमधून कातड्यावर पाणी शिंपडायचं. एक जण बडवणार, एक जण गाणार, बाकीच्या टाळ्या देणार आणि ओळ उचलून धरणार. कुठे कुठे शेजारी पाण्याने भरलेलं घमेलं असतं, त्यात अर्धा कापलेला वाळका भोपळा उपडा तरंगत ठेवतात आणि त्यावर चपलेने किंवा हाताने ठोका देतात. त्याचा घुमारा पोटात जाणवतो. सकाळी ज्यात धान्य कांडलं त्यावरच रात्री गाणं. गिटारवाल्यांचा ठेका नीट ऐकला तर तो ह्या उखळावरूनच उठून आलेला आहे हे कळतं. ड्रमवाला तेंदे वाजवतोय आणि गिटारवाला बायकांच्या कोरसची जागा घेतोय, असं मला मदूची गाणी ऐकताना नेहमी वाटतं. 'इम्झाद' तर आणखी जुनं. भोपळ्याच्या अर्ध्या तुंब्यावर ताणलेलं कातडं, घोड्याच्या केसांची एकच तार, आणि वाजवणार फक्त बाई. २०१३ साली युनेस्कोने ह्या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. संगीत हा ह्या समाजात मुळात बायकांचा प्रांत होता. गिटारने तो पुरुषांच्या हाती दिला आणि आता फातू सैदी घालीसारख्या बाया 'ले फिय द इलिघादाद' ह्या आपल्या वाद्यवृंदातून गिटार आणि तेंदे पुन्हा एकत्र आणत आहेत. तेही जरूर ऐका. ऐकताना अंगावर काटा येतो.

मदू मोक्तार हा मात्र लग्नाच्या मांडवातून थेट मोठा झालेला नाही. त्याला मोठं केलं मोबाईलने.

त्याच्या घरची मंडळी धार्मिक, गिटारला विरोध. पोराने काय करावं? लाकडाचा तुकडा आणि सायकलच्या तारा घेऊन स्वतःच गिटार बनवली आणि लपून शिकला. तो डावखुरा. शिकवणारं कोणी नाही, म्हणून बोटांची ठेवण सगळी स्वतःची. उजव्या हाताची बोटं पट्टीवर इतकी झपाझप पडतात की सूर तुटतो कुठे आणि दुसरा सुरू होतो कुठे ते कळत नाही. डावा हात तार छेडायच्या चकतीशिवाय, नुसत्या बोटाने तार छेडतो. एखादी छोटी सुरावट धरायची, ती दहा वेळा तशीच वाजवायची, आणि अकराव्या वेळेला तिच्यातूनच अशी काही उसळी घ्यायची की ऐकणारा जागेवरून उठतो. आपल्याकडे एखादा गवई जागा धरून ठेवतो आणि मग तान सोडतो, त्या जातीचा हा आनंद आहे.

२००८ साली तो शेजारच्या नायजेरियातल्या सोकोटो शहरात गेला आणि तिथे त्याने काही गाणी ध्वनिमुद्रित केली. ड्रम मशीन, आणि आवाजावर ऑटोट्यूनची, म्हणजे यंत्राने सूर घोटून आणलेली, लकाकी. तुआरेग गिटारमध्ये असं तोवर ऐकलेलं नव्हतं. सोकोटो हौसा भाषकांचं शहर. तिथल्या आणि कानो शहरातल्या सिनेगीतांत ही लकाकी तेव्हा जोरात होती. आणि हौसा सिनेगीतांवर आपल्या मुंबईच्या हिंदी सिनेमाची केवढी छाप आहे! उत्तर नायजेरियात आणि नायजरच्या दक्षिणेत हिंदी सिनेमे कित्येक दशकं बघितले जातात. भाषा न कळता बघितले जातात, त्यांच्या चालींवर हौसा शब्द बसवले जातात. तेव्हा मदूच्या त्या पहिल्या गाण्यांत मला कुठेतरी मुंबईचा एक दूरचा धागा ऐकू येतो, तो अगदीच कल्पनेचा खेळ नसावा.

ही गाणी कुठल्या दुकानात सीडीवर विकली गेली नाहीत. त्या काळात सहाऱ्याच्या गावांतून स्वस्त चिनी मोबाईल पोहोचले होते, इंटरनेट नव्हतं. गाणं मेमरी कार्डात राहायचं आणि ब्लूटूथने एका फोनातून दुसऱ्या फोनात जायचं. चहा उकळेपर्यंत शेजारी बसलेल्या माणसाच्या फोनात चार गाणी उतरायची. आपल्याकडेही मोबाईलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत कार्डात गाणी भरून मिळत, ते आठवत असेल. तिथे असं दुकान आणि हात दोन्हींतून चालायचं, सीमा ओलांडून. मदूचं 'ताहूलतीन' हे गाणं असंच हजारो फोनांत फिरलं. गाणाऱ्याचं नाव फाइलवर असेलच असं नाही. लोक गाणं ओळखायचे, गाणारा कोण ते त्यांना माहीत नसायचं.

कर्कली हा त्या सुमाराला मालीतल्या किदाल भागात फिरत होता. त्याने लोकांच्या मेमरी कार्डांतली गाणी गोळा केली आणि पुढे 'म्युझिक फ्रॉम सहारन सेलफोन्स' ह्या नावाने त्यांचा संग्रह काढला. पण काढण्याआधी प्रश्न होता: हे गाणारे आहेत कोण? त्यांना पैसे कसे द्यायचे, परवानगी कोणाची घ्यायची? एकेका गाण्याचा मालक शोधत तो फिरला. मदूपर्यंत तो असाच पोहोचला. त्या ओळखीतून पुढे सिनेमा आला.

म्हणून सिनेमात गाण्याची चोरी हा कथेचा मणका झाला आहे, ते मला अगदी बरोबर वाटतं. ज्या जगात गाणं हातोहात फिरतं, नावाशिवाय फिरतं, तिथे 'हे माझं' हे सिद्ध करायला वादकाकडे काय असतं? कागद नाही, करार नाही, कंपनी नाही. एकच उपाय उरतो: सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि असं वाजवायचं की दुसऱ्या कुणाला ते वाजवता येणार नाही. शेवटची स्पर्धा त्यामुळे नुसती नाट्याची सोय राहत नाही. ती त्या समाजातली खरीखुरी न्यायसभा होते. चोरी झालेल्या गाण्याचा निकाल तिथे ऐकणाऱ्यांच्या कानावर लागतो.

बापाचा भाग मात्र मला जास्त अस्वस्थ करतो. 'पर्पल रेन'मधला बाप स्वतः संगीतकार आहे, हातून काही न झालेला, घरात हात उचलणारा. आगादेझमध्ये तो तसाच्या तसा आणून चालला नसता. कर्कलीने ही गोष्ट मदू आणि तिथल्या इतर वादकांच्या अनुभवांतून बेतली, आणि त्यांच्या अनुभवातला बाप वेगळा होता. तो नमाज चुकवत नाही, शब्द जपून वापरतो, आणि पोराने गिटार वाजवावी हे त्याला पटत नाही. तो गिटार जाळतो. हे दृश्य बघताना २०१२ साल आठवल्याशिवाय राहत नाही. त्या वर्षी उत्तर मालीचा ताबा सशस्त्र जिहादी गटांकडे गेला आणि त्यांनी संगीतावर बंदी घातली. वाद्यं जाळली, मोबाईलमधल्या रिंगटोनसुद्धा त्यांना नको होत्या. ज्या किदालमध्ये कर्कलीने मेमरी कार्डं गोळा केली होती, तिथेच हे घडलं. त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी, त्याच भाषेच्या सिनेमात, एक बाप अंगणात गिटार जाळतो. प्रेक्षकाला ते दुसरं काही आठवून देणारच.

आणि तरीही सिनेमा बापाला त्या बंदूकधाऱ्यांच्या रांगेत बसवत नाही. ह्याबद्दल मला ह्या सिनेमाविषयी मनापासून आदर वाटतो. हा बाप दुष्ट नाही. त्याने आपल्या आसपास वाजवणाऱ्यांचं काय होतं ते पाहिलं असणार: रात्रीची जागरणं, चंचल कमाई, लोकांचं बोलणं. त्याच्या रागात भीती आहे आणि भीतीत माया आहे. पोटच्या पोराने नाटकमंडळीत जाऊ नये म्हणून जीव टाकणारे बाप आपल्याकडच्या आत्मचरित्रांतही भेटतात. त्या बापांना आपण खलनायक म्हणत नाही. ज्या घरात आपलं भलं चिंतणाऱ्याशीच भांडावं लागतं, तिथली कोंडी जास्त खोल असते, आणि मदूच्या चेहऱ्यावर ती दिसते. तो अभिनेता नाही, म्हणूनच कदाचित जास्त दिसते. बापासमोर तो मान खाली घालतो तेव्हा ते शिकवून आलेलं वाटत नाही.

मदू सिनेमाभर फार कमी बोलतो. तुआरेग पुरुष तोंडावरून कापड घेतात, डोळे सोडून बाकी चेहरा झाकतात, आणि बायका चेहरा उघडा ठेवतात, हे आपण वाचलेलं असतं. पण पडद्यावर एका तरुणाचा राग, मत्सर, लाज फक्त डोळ्यांत वाचायची वेळ येते तेव्हा कॅमेरा किती जवळ जातो, ते बघण्यासारखं आहे. रैशाचं काम करणाऱ्या मुलीचा चेहरा मोकळा. ती थेट बघते, थेट बोलते, मदूला त्याचं चुकलं तिथे सुनावते. तुआरेग समाजात तंबू बाईचा असतो, घटस्फोटानंतरही तिच्याकडेच राहतो, आणि तिच्या शब्दाला वजन असतं. त्याची सावली ह्या पात्रावर आहे. तरी मला तिच्या वाट्याला आलेले प्रसंग कमी वाटले. ती मदूच्या गोष्टीत येते आणि जाते, तिची म्हणून गोष्ट उभी राहत नाही. एवढ्या समृद्ध बायकी संगीतपरंपरेच्या समाजातला संगीतपट, आणि त्यात नायिकेच्या हाती वाद्य नाही, ही मला खटकणारी उणीव आहे.

आणखीही उणिवा आहेत. काही प्रसंगांत माणसं संवाद म्हणण्याआधी किंचित थबकतात. काही जागी गोष्ट पुढे ढकलायची म्हणून ढकललेली दिसते. कथेचा सांगाडा अमेरिकन सिनेमावरून घेतलेला, कॅमेऱ्यामागचा माणूस परका. हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला: मग ह्याला तुआरेगांचा सिनेमा म्हणायचं का? माझं उत्तर हो असं आहे. तोंडचे शब्द त्यांचे, भांडणं त्यांची, गाणी त्यांची, आणि मुख्य म्हणजे समोर बसलेला प्रेक्षक म्हणून तेच डोळ्यांपुढे होते. कुठेही कुणी थांबून आपल्याला 'आमच्याकडे अशी पद्धत असते' असं समजावून सांगत नाही. चहाचे तीन पेले का, कापड असं का गुंडाळलं, ह्यावर चकार शब्द नाही. ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी ते तिथे आहे. आपण बाहेरचे, आपण नीट लक्ष द्यावं आणि शिकून घ्यावं. माहितीपटाने हे कधी साधलं नसतं. माहितीपट आपल्याशी बोलतो. ह्या सिनेमातली माणसं एकमेकांशी बोलतात.

आगादेझ शहराविषयीही हेच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, २७ मीटर उंचीचा, अंगातून लाकडी वासे बाहेर आलेला मशिदीचा मातीचा मिनार, त्यामुळे २०१३ पासून हे जुनं शहर जागतिक वारसा यादीत. उत्तरेला आर्लिटच्या युरेनियमच्या खाणी, ज्यांतलं युरेनियम फ्रान्समधल्या वीजनिर्मितीसाठी वर्षानुवर्षं गेलं आणि ज्याच्या आसपासच्या गावांत दिवे लागायची मारामार. लिबियाकडे जाणाऱ्या स्थलांतरितांचे ट्रक इथूनच सुटत. बातमीदार आगादेझमध्ये येतात ते ह्यासाठी. सिनेमात हे शहर एखाद्या वादकाला दिसेल तसं दिसतं: कोणत्या गल्लीत कोण राहतं, कुठे तालीम चालते, कुठून वळलं की तिचं घर.

सिनेमानंतर मदू कुठच्या कुठे गेला. २०१९ मध्ये 'इलाना' हा गाण्यांचा अल्बम आला, पूर्ण वाद्यवृंदासह नीट स्टुडिओत केलेला. २०२१ मध्ये 'आफ्रिक व्हिक्टिम', वसाहतवादावर थेट बोट ठेवणारा. अहमदू मदासान हा साथीचा गिटारवादक सतत त्याच्याबरोबर आहे. कर्कलीबरोबर ह्याच मदासानने नंतर 'झेरझुरा' नावाचा आणखी एक तमाशेक सिनेमा केला, वाळवंटात हरवलेल्या भावाच्या शोधाचा, भुताखेतांचा, स्वप्नासारखा. २०२३ च्या जुलैमध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा हे वादक अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. सीमा बंद झाल्या आणि घरी परतता येईना. पुढच्या वर्षी 'फ्युनरल फॉर जस्टिस' आला, रागाने पेटलेला. गिटार इतकी करवादते की पहिल्यांदा ऐकताना आवाज कमी करावासा वाटतो. त्यात 'इमूहार' नावाचं एक गाणं आहे. आपल्या लोकांना तो सांगतो की ही भाषा विरत चालली आहे, तिला धरून ठेवा. तमाशेकची स्वतःची लिपी आहे, तिफिनाग, शेकडो वर्षांपासून खडकांवर कोरलेली. ती आज लिहू-वाचू शकणारे थोडे.

हे गाणं ऐकलं आणि मला सिनेमा वेगळा दिसायला लागला. २०१५ साली मदूने मुद्दाम भाषेसाठी म्हणून काही केलं असेल असं मला वाटत नाही. त्याला वाजवायचं होतं, नाव काढायचं होतं. पण त्या सव्वा तासात त्याने तमाशेकमध्ये भांडण केलं, प्रेम केलं, मित्राशी चेष्टा केली, बापाची क्षमा मागितली. मला वाटतं भाषा जगते ती अशा कामांसाठी लागते म्हणून. तिच्याविषयी गायलेल्या गाण्यांची गरज पडते ती नंतर, ती कामं दुसऱ्या भाषेत होऊ लागल्यावर. फ्रेंच शाळेत, हौसा बाजारात, आणि घरी फक्त आजीशी बोलायला उरलेली भाषा किती दिवस टिकते ते आपण आपल्या आसपासच्या कोकणी, वारली, कोरकू, गोंडी घरांतही बघतो आहोत. त्या भाषांतल्या पोरांनाही एखादा असा सिनेमा मिळावा असं मला फार वाटतं. ज्यात त्यांच्या सणांचं प्रदर्शन नसेल, शोषणाचा अहवाल नसेल. ज्यात एखाद्या पोराला बँजोवर गावातल्या बाकीच्यांना हरवायचं असेल आणि तेवढीच त्याची चिंता असेल. वरातीत बँजो वाजवणारी अशी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्यांची चढाओढही काही कमी नसते.

सिनेमा बघायचा असेल तर आधी गाणी ऐकू नका, असं मी सांगेन. मदू कोण, पुढे त्याचं काय झालं, हे सगळं बाजूला ठेवून त्या नव्या पोराला आगादेझमध्ये येऊ द्या. उपशीर्षकं आहेत, पण बापलेकाच्या प्रसंगांत ती वाचायचं क्षणभर सोडून नुसतं ऐका. संपल्यावर मग 'ताहूलतीन' लावा, ती २००८ची ड्रम मशीनवाली प्रत, आणि लगेच त्यानंतर 'आफ्रिक व्हिक्टिम'. हेडफोनवर ऐकू नका. घरातल्या मोठ्या स्पीकरवर, दारं उघडी ठेवून ऐका.